‘मुलांसाठी सुरक्षित’ म्हणजे नक्की काय? एका लेबलचं परीक्षण



आपण इथे सहसा एखादा शोधनिबंध घेऊन बसतो आणि त्याची नीट चिरफाड करतो. आज निबंधाऐवजी एक लेबल घेऊ या. पाळणा, पांगुळगाडा, छोटी खुर्ची-टेबल, मुलांच्या खोलीतलं कपाट अशा लाकडी फर्निचरच्या जाहिरातीत जे वाक्य हमखास दिसतं, तेच. शब्द थोडेफार बदलतात, साचा मात्र एकच असतो : ‘अस्सल लाकूड. नैसर्गिक पॉलिश. नॉन-टॉक्सिक. मुलांसाठी सुरक्षित.’

तुम्ही म्हणाल, जाहिरात आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण दोन आहेत. एक, हे वाक्य वाचून आई-बाप खरोखर निर्णय घेतात आणि ती वस्तू तोंडात घालणारं मूल त्या निर्णयासोबत वाढतं. दोन, तुमच्या पीएचडीच्या प्रपोजलमध्ये ‘इको-फ्रेंडली’, ‘सेफ’, ‘इफेक्टिव्ह’ असे शब्द असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. मुलाखतीत समितीने ‘म्हणजे काय?’ एवढं विचारलं की तिथेच गाडी अडते. म्हणून हे लेबल आपण एखाद्या निबंधाचा सारांश असल्यासारखं वाचू. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे : याची व्याख्या काय? हे मोजलं कसं? आणि कोणासाठी, कुठल्या परिस्थितीत खरं?

मी लाकडावरच्या लेपांच्या रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे, त्यामुळे पॉलिशवर थोडं जास्त बोलेन. तेवढं सांभाळून घ्या.

पहिला शब्द : ‘अस्सल लाकूड’

काळबादेवीतल्या सुतार चाळीत आज विजेचं सामान मिळतं. धंदा बदलला, नाव तेच राहिलं. ‘लाकूड’ या शब्दाचंही बाजारात असंच काहीसं झालंय. सागवान लाकूड, रबरवूड लाकूड, प्लायवूड लाकूड, एमडीएफसुद्धा लाकूडच. पाय सॉलिड लाकडाचे, फळ्या एमडीएफच्या आणि वरून लाकडाच्या रेषा छापलेला कागद, अशी वस्तूसुद्धा ‘लाकडी’ म्हणून विकली जाते. हे खोटं म्हणता येत नाही, पण याला व्याख्याही म्हणता येत नाही. संशोधनात आपण कार्यात्मक व्याख्या मागतो ती याचसाठी : कुठला भाग, कुठलं लाकूड, वजनाने किती टक्के.

हा फरक महत्त्वाचा का? एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकाने जोडून, दाब देऊन केलेली फळी. तो डिंक बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू, महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, फॉर्मल्डिहाइडला ‘गट १’ मध्ये ठेवलंय. इथे एक गफलत नेहमी होते. ‘गट १’ याचा अर्थ ‘सर्वांत घातक’ असा नाही. त्याचा अर्थ ‘माणसात कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा भक्कम आहे’. पुराव्याची खात्री आणि धोक्याचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या वेळी बातमीत ‘गट १’ दिसला की हे आठवा.

आता मोजमाप. युरोपातली ‘ई१’ ही पातळी तुम्ही प्लायवूडच्या दुकानात ऐकली असेल. तिची मूळ चाचणी एका बंद चेंबरमध्ये होते : तापमान २३ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के, दर तासाला एकदा हवा पूर्ण बदललेली आणि प्रत्येक घनमीटर हवेमागे एक चौरस मीटर फळी. या स्थितीत हवेतलं फॉर्मल्डिहाइड घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर फळी पास. आता मुंबईतला जून आठवा. तापमान ३० च्या आसपास, हवा ओलीचिंब. उष्णता आणि ओलावा वाढला की हा वायू जास्त सुटतो. म्हणजे चेंबरमधला आकडा खरा असूनही तुमच्या खोलीतला आकडा वेगळा असणार.

पण लगेच घाबरून उलटा निष्कर्षही काढू नका. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली घ्या : दार दिवसभर गॅलरीत उघडं, समोर खिडकी, हवा सतत खेळती. आणि त्याच परळ-लालबागमध्ये गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर घ्या : काचा बंद, एसी चालू, मुलाच्या खोलीत नवं कोरं कपाट, पलंग आणि टेबल. फळी दोन्हीकडे तीच असली तरी हवा बदलण्याचा वेग वेगळा आहे. छोट्या खोलीत धोका जास्त, असं आपण आधीच धरून चाललो असतो. प्रत्यक्षात खोलीच्या आकारासोबत हवेचा वेगही मोजावा लागतो. प्रयोगशाळेतला निकाल बाहेर लागू पडतो का, या प्रश्नाला पुस्तकात बाह्य वैधता म्हणतात. एमडीएफच्या कपाटात ती अशी दिसते.

दुसरा शब्द : ‘नैसर्गिक’

या शब्दावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो काहीही न मोजता विश्वास मिळवतो.

मारुतीला फासतात तो शेंदूर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. चित्रकारांचा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, आणि ते खनिज म्हणून जमिनीतून सरळ निघतं, त्याहून नैसर्गिक काय असणार? शिसं आणि पारा ही मूलद्रव्यंच आहेत, ती कुठल्या कारखान्यात जन्माला आलेली नाहीत. दोन्ही रंग शेकडो वर्षं वापरात होते. परंपरा, निसर्ग आणि विषारीपणा एकाच डबीत सुखाने नांदू शकतात.

आता पॉलिशकडे येऊ. आपल्याकडचं जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जी राळ सोडतात, ती शुद्ध करून पातळ पापुद्रे करतात आणि ते स्पिरिटमध्ये विरघळवतात. कापडाची गादी करून, तिच्यात हे द्रावण भिजवून, कारागीर एकावर एक हात देत जातो. स्पिरिट उडतं, लाखेचा पापुद्रा उरतो. ही लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेट-गोळ्यांवर चकाकीसाठीही लावतात. त्यामुळे वाळलेला लाखेचा थर मुलाने चाटला तर काळजीचं कारण नाही, असं म्हणायला आधार आहे.

पण लाखेला मर्यादा आहेत. ती अल्कोहोलमध्ये विरघळते म्हणून तर तिचं पॉलिश होतं. मग वाळल्यावरही ती अल्कोहोलला भितेच. हाताला लावायचं सॅनिटायझर टेबलावर सांडलं की डाग पडतो. गरम दुधाचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. पावसाळ्यात पॉलिश केलं तर हवेतली ओल थरात अडकून तो पांढुरका पडतो, म्हणून अनुभवी कारागीर जुलैत हे काम घेताना कुरकुर करतो. लहान मुलांचं फर्निचर म्हणजे रोज दूध, वरण-भात, शू आणि ओला फडका. तिथे ‘नैसर्गिक’ थर लवकर निघाला की खालचं उघडं लाकूड ओल आणि मळ पिऊ लागतं.

दुसरा नैसर्गिक पर्याय जवसाच्या तेलाचा. हे तेल वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. तेलातले रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचं जाळं बनतं. या प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ती उष्णता आतच साठते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून ते पसरून वाळवायचे किंवा पाण्यात बुडवून ठेवायचे. वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना माहीत असायला हवं, लेबलवर मात्र याचा मागमूस नसतो.

थोडक्यात, ‘नैसर्गिक’ हे एखाद्या पदार्थाच्या उगमाचं वर्णन आहे. लेबल ते परिणामाचं वर्णन म्हणून वापरतं. तुमच्या प्रपोजलमध्ये ‘हर्बल असल्यामुळे दुष्परिणाम नाहीत’ असं वाक्य असेल, तर ते आजच काढून टाका.

तिसरा शब्द : ‘नॉन-टॉक्सिक’

इथे खरी मजा आहे, कारण इथे आकडा आहे. आकडा आला की आपण सगळे शांत होतो. तोच धोका.

शिशाचं उदाहरण घेऊ. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमधल्या शिशावर २०१६ मध्ये नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. मर्यादा : ९० पीपीएम. म्हणजे वाळलेल्या रंगाच्या एका किलोत जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम शिसं.

आता खेळण्यांकडे या. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक बंधनकारक झालं. त्याच्या तिसऱ्या भागात शिशाची मर्यादा आहे : किलोला ९० मिलिग्रॅम.

दोन्हीकडे ९०. म्हणजे एकच गोष्ट? नाही! पहिल्या नियमात रंगातलं एकूण शिसं मोजतात. दुसऱ्यात मोजतात ते ‘स्थलांतर’ झालेलं शिसं, म्हणजे त्यातलं किती सुटून बाहेर येतं ते. रंग खरवडून त्याची पूड करतात. पन्नासपट वजनाच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ती ३७ अंशांवर एक तास हलवतात, एक तास तशीच ठेवतात आणि द्रवात उतरलेलं शिसं मोजतात. ३७ अंश आणि हे आम्ल कशाची नक्कल आहे, ओळखलंत? मुलाच्या पोटाची. समजा, एखाद्या रंगात एकूण ६०० पीपीएम शिसं आहे, पण आम्लात त्यातलं ५० पीपीएमच उतरलं. तो रंग दुसऱ्या चाचणीत पास आणि पहिल्यात साफ नापास. तेव्हा ‘शिसं मर्यादेत आहे’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या चाचणीतलं ९०?

आणि ९० म्हणजे शून्य नव्हे. साधा हिशेब करू. रंगाची ०.१ ग्रॅमची खपली मुलाने गिळली. रंग ९० पीपीएमचा असेल तर तिच्यात ९ मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मुलांसाठी आहारातल्या शिशाची संदर्भपातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. मूल रोज खपली खात नाही आणि गिळलेलं सगळं शिसं रक्तात जात नाही, हे खरं. तरी प्रमाणाचा अंदाज आला ना? आता जुना एनॅमल रंग घ्या, ज्यात शिसं १ टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम आहे. तेवढ्याच खपलीत १,००० मायक्रोग्रॅम. नियम येण्याआधीच्या वर्षांत भारतीय बाजारातल्या एनॅमल रंगांच्या चाचण्यांत हजारो पीपीएम शिसं वारंवार सापडलंय, त्यामुळे हा आकडा काल्पनिक टोकाचा नाही. रक्तातल्या शिशाची एकही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुकसान मेंदूचं होतं आणि ते भरून येत नाही.

म्हणून माझ्या मते नव्या फर्निचरपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं ते माळ्यावरच्या जुन्या पाळण्याकडे. गिरगावातल्या वाड्यांमध्ये अशी घरं आहेत, जिथे एकाच पाळण्यात तीन पिढ्या झोपल्या. बारसं ठरलं की पाळणा खाली येतो. कोणीतरी हौसेने पॉलिश पेपर घेऊन जुना रंग घासायला बसतं आणि खोलीभर बारीक धूळ पसरते. थर अखंड असताना शिसं बऱ्यापैकी जागच्या जागी असतं, घासलं की ते श्वासात, जमिनीवर, रांगणाऱ्या बाळाच्या हातावर येतं. ‘सुरक्षित करू या’ म्हणून केलेलं कामच धोका वाढवतं. रंग जुना आणि अनोळखी असेल तर तो कोरडा घासू नका. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. काढायचाच असेल तर पाण्याने ओला ठेवून, घराबाहेर, बाळ आणि गरोदर बाई जवळ नसताना काढा. जागा ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका.

आणखी एक मुद्दा प्रवर्गाचा. पांगुळगाडा हे खेळणं की फर्निचर? प्रश्न गमतीचा वाटेल, पण उत्तरावर कुठली चाचणी लागू होणार हे ठरतं. खेळणं म्हटलं तर खेळण्यांचा आदेश लागू. त्याच रंगाने रंगवलेलं पुस्तकांचं कपाट मात्र खेळणं नाही, मग मूल त्याची कड चावत असलं तरी. शिवाय हस्तकलेच्या विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत उत्पादकांना या आदेशातून सूट आहे. छोट्या कारागिराला चाचणीचा खर्च झेपत नाही, हे सूट देण्यामागचं कारण मला पटतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत लाकडी फळं आणि खेळणी मलाही आवडतात. पण सूट हा कायद्यातला शब्द आहे, तो रसायनाबद्दल काहीच सांगत नाही. सूट मिळालेली वस्तू वाईट ठरत नाही आणि चांगलीही ठरत नाही. तिची तपासणी झालेली नसते, इतकंच.

चौथा शब्द : ‘सुरक्षित’

आतापर्यंत रसायन झालं. मुलाला फर्निचरचा सर्वांत झटपट धोका मात्र भौतिकशास्त्राचा आहे : ते अंगावर पडतं.

२०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली. मुलं उघड्या ड्रॉवरवर चढली, कपाट अंगावर आलं आणि मृत्यू झाले. कपाट भिंतीला बांधा, अशी सूचना कंपनीने दिलेली होती. त्या वेळची अमेरिकेतली ऐच्छिक चाचणी अशी : रिकामं कपाट, सपाट कडक जमीन, एका वेळी एकच ड्रॉवर उघडा आणि त्यावर साधारण २३ किलो वजन. आता घर बघा. ड्रॉवर कपड्यांनी भरलेले, खाली गालिचा आणि मूल जिना समजून तीन ड्रॉवर एकदम उघडून चढतंय. २०२३ पासून अमेरिकेत जी सक्तीची चाचणी आली, तिच्यात भरलेले आणि एकाहून अधिक उघडे ड्रॉवर, गालिच्याचा परिणाम आणि २७ किलोपर्यंतच्या मुलाचं वजन धरलं जातं. आधीची चाचणी चुकीचे आकडे देत नव्हती. ती मूल काय करतं हे न बघता आखलेली होती.

आपल्याकडे गालिचा कमी, पण चाळीतली फरशी पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतरती. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालक नाही म्हणतो आणि जुन्या भिंतीचा चुन्याचा गिलावा स्क्रू धरून ठेवत नाही. ‘भिंतीला बांधा’ ही सूचना इथे कितपत पाळली जाईल, याचा अभ्यास हा एखाद्या एमएस्सीच्या प्रकल्पाचा उत्तम विषय आहे. घ्या कोणीतरी!

मग मुलांचं सगळं फर्निचर जड आणि घट्ट बसवलेलं असावं का? इथे मारिया माँटेसरी नेमकं उलटं म्हणतात. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे शाळेतली जमिनीला खिळलेली बाकं काढून मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं आणि खुर्च्या त्यांनी करवून घेतल्या. आक्षेप आला की मुलं खुर्च्या पाडतील, आवाज होईल. त्यांचं उत्तर असं होतं की खुर्ची पडली म्हणजे आपली हालचाल बेढब झाली हे मुलाला कळतं. तो आवाजच शिक्षक.

ताराबाई मोडक यांनी ही पद्धत मराठी मुलांपर्यंत आणली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघ यांच्यासोबत आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांना दिसलं की माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नाहीत. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून साधनं तयार झाली. संशोधक म्हणून यातून मी एक गोष्ट उचलते : त्यांनी साधनाचं काम काय, ते आधी ओळखलं आणि मगच वस्तू बदलली. आपल्या घरातला पाट बघा. मुलाची मांडी बसेल एवढा, उचलता येण्याजोगा आणि त्यावरून पडण्याची सोयच नाही. ‘मुलांच्या मापाचं फर्निचर’ म्हणजे खुर्ची-टेबलच, हे कोणी ठरवलं?

माँटेसरींची पडणारी खुर्ची आणि अमेरिकेतलं पडणारं कपाट यांत विरोध दिसतो, पण तो आकड्यात मांडला की सुटतो. २ किलोची खुर्ची, गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर उंचीवर : पडताना सुमारे ६ ज्यूल ऊर्जा. ४० किलोचं कपाट, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर : सुमारे २३५ ज्यूल. जवळपास चाळीसपट. खुर्ची पडते तेव्हा मूल शिकतं, कपाट पडलं की शिकायला उरत नाही. हलकं आणि बुटकं असेल तर पडू द्या. उंच आणि जड असेल तर बांधा, नाहीतर घेऊच नका. ‘सुरक्षित’ हा एकच शब्द दोन्हींवर चिकटवला की हा फरक पुसला जातो.

लेबलवर नसलेला माणूस

आता तिसरा प्रश्न : कोणासाठी? लेबल म्हणतं, मुलांसाठी. ठीक. पण ती खुर्ची कोणीतरी रंधली, घासली, रंगवली.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकात तिथल्या नाक-कान-घशाच्या सर्जन एझ्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की एरवी अगदी दुर्मीळ असलेला नाकाच्या आतला कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांत वारंवार दिसतोय. १९६८ मध्ये यावरचा सहलेखकांसोबतचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढे आयएआरसीने लाकडाच्या भुशालाही ‘गट १’ मध्ये ठेवलं. हो, त्याच अस्सल, नैसर्गिक लाकडाच्या भुशाला. शोधाची सुरुवात महागड्या उपकरणाने झाली नाही, ‘तुम्ही काम काय करता?’ या प्रश्नाने झाली.

आता माझ्या विषयातली अडचण ऐका. दोन घटकांचं पीयू पॉलिश नीट पिकलं की त्याचा थर कठीण, पुसता येण्याजोगा आणि बऱ्यापैकी निष्क्रिय होतो. मुलासाठी चांगला पर्याय. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि कामामुळे जडणाऱ्या दम्याची जी मोठी कारणं आहेत त्यात आयसोसायनेट वरच्या रांगेत आहेत. स्वस्तातलं मेलामाइन पॉलिश आम्लाने पिकतं आणि पिकताना फॉर्मल्डिहाइड सोडतं. सगळ्यात जास्त कोणाच्या नाकात? तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारणाऱ्याच्या. रुमालाने वायू अडत नाही. म्हणजे मुलासाठी सर्वांत टिकाऊ थर हाच तो लावणाऱ्यासाठी सर्वांत घातक असू शकतो. लेबल खरं असेल, तरी ते अर्ध्या साखळीपुरतंच खरं आहे.

परळ-लालबागला हे नव्याने सांगायला नको. कापसाच्या धुळीने फुफ्फुसं भरलेली माणसं इथल्या गिरण्यांनी पाहिली आहेत. कापडाच्या ताग्यावर गिरणीचा शिक्का असायचा, कामगाराच्या खोकल्याची नोंद कुठे नसायची. फर्निचरच्या लेबलमध्ये तीच रिकामी जागा मला दिसते. आमच्या लेपांच्या क्षेत्रातले निबंधही याला अपवाद नाहीत. चकाकी, कठीणपणा, पाण्याचा परिणाम यांचे तक्ते असतात, लावताना हवेत काय आणि किती गेलं याचा रकाना क्वचितच. जे मोजत नाही ते निष्कर्षात येत नाही.

मग लेबल कसं असावं?

परीक्षणाचा नियम आहे : नुसतं नापास करू नका, दुरुस्ती सुचवा. माझी दुरुस्ती अशी. ‘पाय आणि चौकट रबरवूडची, पाठीची फळी ई१ पातळीच्या एमडीएफची. वरचा लेप दोन घटकांचा पीयू, लावल्यानंतर इतके दिवस पिकू दिलेला. लेपातलं एकूण शिसं अमुक, आयएस ९८७३ भाग ३ नुसार सुटणारं शिसं अमुक, चाचणी अमुक महिन्यातल्या मालाची. उंची इतकी, वजन इतकं, भिंतीला बांधणं आवश्यक किंवा अनावश्यक. फवारणी हवा खेचणाऱ्या केबिनमध्ये, योग्य मास्क लावून केलेली.’ कंटाळवाणं आहे, मान्य. पण यातलं प्रत्येक वाक्य चूक असेल तर चूक ठरवता येतं. मूळ लेबलमधलं एकही वाक्य तसं तपासता येत नाही आणि परीक्षक म्हणून माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

दुकानात उभे असाल आणि इतकं सगळं विचारणं शक्य नसेल, तर दोनच प्रश्न विचारा : चाचणीचा अहवाल आहे का, आणि तो याच मालाचा आहे का? उत्तर देताना दुकानदार कुठे अडखळतो, तेही माहितीच असते.

आता गृहपाठ. तुमचं प्रपोजल उघडा. ‘सुरक्षित’, ‘नैसर्गिक’, ‘प्रभावी’, ‘स्वस्त’ यांसारखे शब्द पेन्सिलने गोल करा. प्रत्येकाच्या समासात तीन गोष्टी लिहा : व्याख्या, मोजण्याची पद्धत आणि कोणासाठी. जिथे समास रिकामा राहील, तिथे एक तर शब्द काढा किंवा तोच तुमचा संशोधनप्रश्न करा. अडलात तर खाली कमेंटमध्ये ते वाक्य टाका. पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन घेऊन अशीच चिरफाड करू.